मागचा जिना

प्रिय झिपरे,

तुला या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. बाकी सगळ्यांची तू मेट्रनबाई. पण नर्सिंगला असताना तुझे टोपीत न मावणारे केस रोज सकाळी पिना लावून कोंबायचं काम माझ्याकडे होतं, हे मी विसरलेले नाही. मी काहीच विसरलेले नाही. कशी आहेस ते विचारत नाही, कारण हॉस्पिटलची तपासणी जवळ आली की तू खोलीत येरझारा घालतेस आणि ते खाली ऑपरेशन थिएटरमध्ये आम्हाला ऐकू येतं.

माझं म्हणशील तर तसंच चाललंय. सर्जननी हात पुढे केला की त्यात न बघता हवं ते हत्यार ठेवायचं आणि घरी येऊन गुडघ्यांना शेक द्यायचा. परवा अखेर आईचं कपाट आवरलं. तिचा चष्मा काही टाकवेना, कानात घालायच्या थेंबांची बाटलीसुद्धा टाकवेना. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला तुझा शिकतानाचा पांढरा गणवेश सापडला. खाली उसवलाय म्हणून तू तिच्याकडे टाकला होतास आणि न्यायला विसरलीस. तिने तो शिवून, घडी घालून ठेवला होता. सुट्टी लागली की तू आमच्याच घरी असायचीस आणि जेवताना मोठा घास तुलाच मिळायचा. मी कुरकुर केली तर म्हणायची, तिला आई नाहीये गं, तुला आहे.

होस्टेलवरची ती संध्याकाळ आठवते? आई तापाने फणफणली होती आणि वॉर्डनबाई मला घरी सोडेनात. तू म्हणालीस, जा, मी बघते. बाईंनी खालच्या मजल्यावर डोकी मोजली तेव्हा तू तुझ्या कॉटवर होतीस. त्या धापा टाकत पुढचा जिना चढेपर्यंत तू मागच्या जिन्याने वर पोचलीस आणि माझ्या चादरीखाली तोंड लपवून घोरायला लागलीस. डोकी बरोबर भरली. मी आईच्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवू शकले. तुझं ते डोकं मला तेव्हा देवासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं तर ती हसून हसून खोकली आणि म्हणाली, ही पोर खूप पुढे जाणार.

गेलीस. मेट्रन झालीस. सिस्टर सोडून गेल्या तशा त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं वरच्यांनी ठरवलं आणि तू मान डोलावलीस. माझ्या पोरी सांभाळून घेतील म्हणालीस. सहा जणींचं काम दोघींवर आलं. एक सलाईन बदलेपर्यंत दुसऱ्याची बेल, दुसऱ्याकडे जावं तर तिसरा उलट्या करतोय. एक पोर तर लिनन रूममध्ये उभ्या उभ्या रडायची, बसायला वेळ नाही म्हणून. आणि तपासणीला तू आपला जुनाच जिना काढलास. तुझी बेल वाजली की वरच्या मजल्यांवरच्या सिस्टर सगळं टाकून खाली येणार, खालचा वॉर्ड भरलेला दिसणार. मग सिस्टर पुरेशा आहेत का ते तपासायला आलेल्या पाहुण्यांना तू गप्पा मारत सावकाश लिफ्टने आणायचीस, तोवर त्याच पोरी जिन्यातल्या टोपलीतले दुसऱ्या वॉर्डचे बिल्ले अडकवून वर हजर. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मागच्या तपासणीच्या दिवशी आई सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, हे तुला माहीत होतं. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन झालं होतं, दोन दिवसांत घरी यायची होती. जेवायच्या सुट्टीत मी तिचे धुतलेले कपडे घेऊन वर गेले तेव्हा वॉर्डात एकही सिस्टर नव्हती. आईची बेल अडकल्यासारखी वाजत होती, कारण बटण तिच्या मुठीत होतं आणि ती जमिनीवर पडली होती. अंथरूण ओलं करायला तिला लाज वाटली असणार, म्हणून उठली. खुब्याचं हाड मोडलं. मग छातीत कफ भरला आणि संपलं. पोरींना मी बोल लावत नाही, त्या धावत आल्या आणि माझ्याआधी रडल्या. तू घरी भेटायला आलीस, आई तुला जेवू घालायची त्याच स्वयंपाकघरात बसलीस आणि म्हणालीस, वय झालं होतं गं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं पाहिली होती. वासे मोजून घरच पाडणारी तू पहिली.

त्या क्षणी तुझ्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजून वाटतं. मला सूड हवाय. हा शब्द मला शोभत नाही, पण दुसरा सापडला नाही. तुझी बदनामी करत फिरले असते तर तू रडून सगळ्यांना गुंडाळलं असतंस, मी तुला ओळखते. म्हणून मी आजपर्यंत गप्प बसले आणि एकेका वॉर्डात जाऊन पोरींजवळ बसले. फार बोलावं लागलं नाही.

शिपायाला सांगून ठेवलंय, पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली की हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवायचं, आधी नाही. तेव्हा आता बेल दे. हवी तितकी दे. मागच्या जिन्यावर आज एकही पाऊल वाजणार नाही. बिल्ल्यांची टोपली माझ्याकडे आहे आणि प्रत्येक सिस्टर आपापल्या पेशंटपाशी उभी आहे. पाहुण्यांना आज जे आहे तेच दिसेल. वरच्या मजल्यावर तर एकच पोर आहे, तीही नवी, आणि तिथे आत्ता चार-पाच बेल तरी वाजत असतील. पत्राखालच्या पिशवीत तुझा गणवेश आहे, मी इस्त्री केलाय. कमरेत घट्ट होईल, पण पोरी पुढे अंगाने भरतात म्हणून आईने शिवणीत जागा सोडलीय. तेवढी उसव, घाल आणि वर जा. आईच्या कॉटवर आज दुसऱ्या कोणाची तरी आई आहे, तिला बाथरूमला जायचंय.

अजूनही तुझीच,
बुटकी