मंगळवारच्या बहिणी

प्रिय चिमणे,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

खरं सांगते, तुझ्या त्या मंगळवारच्या बैठकीतल्या बहिणींचा मला हेवा वाटतो. तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा शिवणाचं मशीन तसंच सोडून मी धावत आले. पाहते तर कोणी कधी बसायचं याचा तक्ता तुझ्या उशाशी आधीच लावलेला. त्यात मी नव्हते. गुंगीत तू 'आपा' म्हणालीस. मी उठले, पण तुझा हात गेला तुमच्या संघटनेच्या प्रमुख बाईंकडे. त्यांनाही तुम्ही आपाच म्हणता. अम्मी गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या गं! नुसता जळफळाट झाला माझा.

म्हणून तुला न सांगता मीही गेले, तुमच्याच संघटनेच्या पलीकडच्या गल्लीतल्या गटात. वाटलं, भाषणं असतील. तसं काहीच नाही. सातच जणी. प्रत्येकीनं आपला आठवडा सांगायचा, कोणी हसायचं नाही. माझी पाळी आली आणि मी रडलेच. शेजारणीनं माझा हात धरून ठेवला. मग हळूहळू 'आपण' आणि 'ते' सुरू झालं. अल्लाहचं राज्य आणणारे 'आपण', नुसती नमाज पढणारे, झोपलेले 'ते'. आपल्या अब्बांनी जन्मभर नमाज चुकवली नाही, ते कोणात? मी विचारलं नाही. ती ऊब सोडवत नव्हती.

चौथ्या मंगळवारी संघटनेत येण्याची शपथ होती. त्याआधी तुमच्या त्याच प्रमुख बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "कुठलं नातं तुला मागे ओढतं? तुझ्या बहिणीनं या प्रश्नाला तुझं नाव घेतलं होतं." मग पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "शपथ घे, म्हणजे तुम्ही पुन्हा बहिणी."

चिमणे, मोह झाला. तुझ्याशेजारी बसायला मिळणार होतं. पण माझ्याच बहिणीची बहीण व्हायला मी त्यांची परवानगी मागू? चपला घातल्या आणि निघाले. आता त्या तुला सांगतील, हिच्याशी बोलणं बंद कर. ते त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू त्यांचंच ऐकशील, हेही मला ठाऊक आहे. तरी रविवारी मी येणार. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसून राहीन. शेजाऱ्यांना मी कोण ते तूच सांग.

तुझीच,
सख्खी