दौंडचे दोन कर्णे

आप्पा,

दौंडला एका माणसाकडे दोन जुने कर्णे विकायला आहेत आणि ते घ्यावेत की नाही, हे तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी कर्ण्याच्या बाबतीत ज्याचा सल्ला घ्यावा असं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही. हे तुमच्या कर्ण्यांसारखे नाहीत, कडुलिंबाला दोरीने बांधायचे आणि पावसात भिजून गंजलेले. हे एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागचे आहेत. खाली कपाटाएवढं लाकडी खोकं आणि त्यावर पत्र्याचं रुंद, पसरट तोंड. त्या माणसाने ते भंगारातून सोडवून आणले, घासले, रंगवले, आतले आवाजाचे फाटके पडदे बदलले आणि पुन्हा बोलते केले. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला फोनवर त्यांचा फोटो दाखवला आणि विचारलं, "मॅडम, तुमचे वडील माईकवाले होते ना?" होते, म्हटलं. लग्न असो, जयंती असो, सप्ताह असो, माईकवाल्या आप्पांना निरोप गेल्याशिवाय आमच्या गावात मांडवाचा खांब रोवत नसत. त्या फोटोनंतर चार दिवस मला दुसरं काही सुचेना.

तुमच्या जावयांनी फोटो पाहिला आणि नेहमीसारखी चेष्टा सुरू केली. तुम्ही होतात तेव्हा ते नवे जावई होते, तुमच्यासमोर तोंड उघडत नसत. आता कारेगावच्या कंपनीतून निवृत्त होऊन घरी बसलेत, त्यामुळे दिवसभर उघडंच असतं. म्हणाले, "आगं, नाकापेक्षा मोती जड. आपला हॉल केवढा, आन् हे भोंगं केवढं! उद्या इलेक्शनला हुभी ऱ्हाणार हायस का?" मी म्हटलं, नुसते ऐकून तर येऊ, ऐकायला काय जातं. खरं तर मला ते घ्यायचेच होते. का घ्यायचे होते, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे, मला लाज वाटत होती म्हणून.

आप्पा, माझे कान चाललेत. तुमचेच कान घेऊन आले आहे मी, डॉक्टर काही म्हणोत. एकदम बहिरी झालेली नाही. बस, ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, सगळं ऐकू येतं. माणसाच्या बोलण्यातलं बारीक तेवढं गळून पडतं. शब्द येतो पण त्याचा काठ येत नाही. आणि मी शिकवते पहिलीला, जिथे सगळीच पोरं चिमणीएवढ्या आवाजाची! पहिल्यांदा वाटलं, वर्गात पंखा फार वाजतो. मग वाटलं, हल्लीची पोरंच तोंडातल्या तोंडात बोलतात. मग मी मान डोलवायला शिकले. कुणी काही बोललं की त्याच्या तोंडाकडे बघायचं, हसायचं आणि "हो हो" म्हणायचं. त्यावर वर्ष निघालं. पावसाळ्यात एक पोरगं उठून काहीतरी म्हणालं, मी म्हटलं, "शाब्बास, बस खाली." त्याने शूला जाऊ का असं विचारलं होतं. बाईंनी बस म्हटल्यावर ते बिचारं आज्ञाधारकपणे बसलं आणि मग जे व्हायचं ते तिथेच झालं. त्याच्या आईने मला काही बोल लावला नाही, पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ऑफिसचं काम बघता का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. पोरांशिवाय मी शाळेत काय करू, आप्पा? शिरूरच्या डॉक्टरांनी कानातलं मशीन लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मी पर्समध्ये घालून ठेवली होती आणि पर्समध्येच राहू दिली होती. कान लहान झाले असतील तर आवाज मोठा आणावा, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. घरात असे कर्णे असले की निदान संध्याकाळी तरी गाणं पूर्वीसारखं येईल, आणि गाणं आलं म्हणजे कान शाबूत आहेत, असा माझा हिशेब होता. शिक्षिकेला शोभण्यासारखा नाही, पण होता.

रविवारी दौंडला गेलो. तो माणूस रेल्वेतून निवृत्त झालेला, लाईनीपलीकडे घर, घरामागे पत्र्याची शेड. आत गेल्यावर मी नमस्कार करायचा विसरून आधी कर्ण्याच्या काठावरून हात फिरवला. तो हसला आणि म्हणाला, "लावा हात, बाई, बिनधास्त. ह्यांनी लई पिक्चर बघितलेत, पण सगळे मागनं." मग मला खुर्ची दिली, यांना पलंगावर बसवलं आणि एक जुनं गाणं लावलं. आप्पा, काय सांगू! माझ्या खुर्चीचे हात थरथरले. गाणाऱ्या बाईचा आवाज जाड, उबदार, तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून शेडभर झाला. मी म्हटलं, अजून मोठा करा. त्याने केला. मी म्हटलं, अजून थोडा. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि केला. गाणं संपल्यावर मी "फारच छान" म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. तुमचे जावई मात्र काहीच बोलले नाहीत. चेष्टा नाही, काही नाही. मला वाटलं, कंटाळले.

परतताना केडगाव चौफुल्याला चहाला थांबलो. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्या सगळ्या गेल्यावर ते म्हणाले, "घेऊ या आपण ते." मी म्हटलं, ते भोंगे? म्हणाले, "आगं, मला गाण्यातलं काय कळतंय? पण ती बाई गाता गाता शेवटाला हसली बघ, बारीक. कुणाला कळू नये आशी. आन् त्याच्या आधी तिनं श्वास घेतला, त्यो सुद्धा ऐकू आला मला. आख्ख्या जन्मात मी आसलं ऐकलं न्हाई." मी म्हटलं, "हो ना." म्हणजे पुन्हा मान डोलावली. मला हसू ऐकू आलं नव्हतं. श्वास तर नाहीच नाही. भोंगा म्हणून हिणवणाऱ्या माणसाला तो कर्णा सगळं देऊन गेला, आणि माझ्या हातात नुसती थरथर ठेवून गेला. त्या क्षणी मला तुमची आठवण आली. तुम्ही कर्णे बांधून झाले की कुणाला तरी लांबच्या मळ्यात पाठवायचात, आणि तो आला की "ऐकू आलं का?" असं कधीच विचारायचा नाहीत. म्हणायचात, "आलं का म्हटलं की मानूस व्हयच म्हनतो. काय ऐकलं ते विचारावं." चौफुल्याच्या त्या बाकड्यावर मला तसं कुणी विचारलं असतं तर मी नापास झाले असते. मी यांना म्हटलं, नको, आपलं दार लहान आहे, ते आत यायचे नाहीत. तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की माझा मलाच राग आला. दाराला मध्ये घालायची काही गरज नव्हती.

आता तुमच्याविषयी एक सांगायचं राहिलं आहे. आईने शेवटपर्यंत सांगू दिलं नाही, पण आता आईही नाही. पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न आठवतं का? तेव्हा मी शिक्षिका व्हायचा कोर्स करत होते, सुट्टीला आले होते आणि तुमचा डबा घेऊन मांडवात आले होते. कर्णे नेहमीप्रमाणे लावले होते. एकाचं तोंड पेठेकडे, एकाचं देवळाकडे, दोन मळ्यांकडे. ओढ्यापलीकडे, आपल्या बुद्धवस्तीकडे, एकही नाही. ते तसंच असायचं आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. जयंतीला तुम्ही विहाराजवळच्या झाडावर दोन कर्णे बांधायचात, तेव्हा त्यातला एक मात्र न चुकता गावाकडे तोंड करून. मी विचारलं होतं, ते आपल्याकडे करत नाहीत मग आपण का करायचं? तुम्ही म्हणाला होतात, "चांगलं बोलनं हाय ते. त्यांनी बी ऐकू दे की." त्या लग्नापर्यंत तुमचे कान बरेच गेले होते. आयुष्यभर कर्ण्याखाली उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! तुम्ही ते कुणाला कळू देत नव्हतात. गडी डोळ्याने खूण करायचा आणि तुम्ही बटण फिरवायचात. त्या दिवशी तुम्ही माईकवर पाहुण्यांना पंगतीला बसायची विनंती केलीत आणि माईक बंद केला असं समजलात. तो बंद झाला नव्हता. तुमचा आवाज चारी कर्ण्यांतून चालला होता आणि एकट्या तुम्हालाच ते कळत नव्हतं.

तुम्ही डबा उघडलात आणि मला म्हणालात, "हिकडं सगळ्यांना जेवाया बोलवतोय, आन् तुझी आय तिकडं दारात बसून माझा आवाज हुडकती. एक भोंगा वस्तीकडं फिरवला तर काय कुनाची गंगा बाटती का? पर कोन सांगनार." मांडवातली माणसं जागच्या जागी थांबली. वाढप्याच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी माईककडे झेपावले, तुम्ही म्हणालात, "आगं, डब्याला पदर लागंल." माईक बंद केला तेव्हा सगळ्या गावाने ऐकून झालं होतं. मला वाटलं, आता धंदा गेला, कदाचित गावही गेलं. पाटील पंगतीतून उठून आले आणि एका माणसाला म्हणाले, "चढ रं. त्यो कडंचा भोंगा तिकडं फिरीव." बस, एवढंच. माफी नाही, काही नाही. जेवायला तर आपल्या वस्तीला त्या दिवशीही बोलावलं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर गोष्ट उगीच गोड होईल. पण कर्णा फिरला, आणि त्या लग्नापासून तो फिरलेलाच राहिला.

तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात की पाटलांच्या मनात आपणहून आलं. "मानूस बदलतो, पोरी," असं म्हणायचात आणि किती खूश व्हायचात! मी घरी येऊन आईला घाबरत सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "वाऱ्यावर आलं माझ्याबी कानावर. ऱ्हाऊ दे. त्यांना सांगू नगं. बहिरं झालोय म्हनून घरात बसतील." म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. तुम्हाला सांभाळण्यात आम्ही चुकलो असं मला अजूनही वाटत नाही. पण तुम्हाला बहिरेपण लपवायला अख्ख्या घराने मदत केली आणि पुढे तुम्ही आमच्यात बसून नुसते हसत राहायला लागलात, हेही मी पाहिलं आहे. शेवटची दोन-तीन वर्षं तर तुम्ही कुणालाच काही विचारलं नाहीत. चौफुल्याहून घरी येताना मला तुमचं ते हसू दिसत होतं आणि मला फार भीती वाटली, आप्पा. मला तसं हसत बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांना पर्समधली चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मला वर्सापास्नं म्हाईत हाय. तू सांगशील म्हून वाट बघत व्हतो." मी रडले. मग ते पुन्हा चेष्टेवर आले, म्हणजे बरं झालं. मशीन आता कानात आहे. वालाएवढंसं आहे, पण सगळ्या जगाचा कालवा आत आणतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं. फळ्यावर खडू किंचाळतो, भांडी तर विचारूच नका. पोरांना मी पहिल्याच तासाला काढून दाखवलं, सगळ्यांनी रांगेत येऊन बघितलं आणि दहा मिनिटांत त्यांचा त्यातला रस संपला. ऑफिसचं काम मला नको, असं मुख्याध्यापकांना सांगून आले. ते ठीक आहे म्हणाले, पण महिनाभर बघू, असंही म्हणाले. तेही बरोबरच आहे.

मग कर्णे परत डोक्यात आले. ती बाई शेवटी हसते कशी, ते मला ऐकायचं होतं. दाराची चौकट मी टेप लावून मोजली. एक पल्ला काढला तर ते आरामात येतात. यांना न सांगता घ्यायचे आणि हॉलमध्ये ठेवून द्यायचे, असं ठरवलं होतं. तुम्हाला विचारायचं म्हणून हे पत्र काल लिहायला घेतलं, पण तुमच्या उत्तराची वाट बघण्याएवढा धीर निघाला नाही. आज शाळा सुटल्यावर कडुलिंबाखाली उभी राहून मी दौंडला फोन लावला. आता पत्राला पाठवण्याजोगं कारणही उरलेलं नाही आणि पत्ता तर नव्हताच, तेव्हा ते पेटीत साड्यांखाली ठेवते.

फोन त्यानेच उचलला. मी म्हटलं, ते दोन कर्णे मला हवेत. तो हळू म्हणाला, "बाई, कालच गेले की ते. एकजण टेम्पो घिऊनच आला व्हता." शब्दन् शब्द, त्याच्या आधीच्या श्वासासकट, मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आला. तरीही, आप्पा, मी त्याला विचारलं, "काय म्हणालात?"