हसत होती

प्रिय टवळे,

माझं अक्षर बघूनच तुझं डोकं फिरलं असेल. तरी आधी वाच, मग हवं तर फाड. आपल्या दोघींच्या वकिलांनी एकमेकींशी बोलायला मनाई केली आहे. पत्राचं त्यांना सुचलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आपलं दुकान चालू आहे. पडद्यांची कामं येतात, पण या गुडघ्याने मला मशीनचं पॅडल मारवत नाही. सून शिवते आणि मी खुर्चीत बसून तिच्या चुका काढते. तुझ्या मशीनवर मात्र तिला बसू देत नाही. ती म्हणते, जिच्यावर दावा लावलाय तिचंच मशीन रोज पुसता, कमाल आहे तुमची.

त्या दिवशी अस्तर आणायला मीच तुला पिटाळलं. तू चालत निघालीस, तर कोपऱ्यावर भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर उभ्या असतात, घे की एखादी, म्हातारी झालीस का, हेही मीच म्हटलं. उतारावरून आलीस ती हसत, "सरक, सरक" ओरडत. मला वाटलं, चेष्टा चाललीय. कमरेवर हात ठेवून दारात तशीच उभी राहिले. पुढचं माझ्या गुडघ्याला विचार.

हॉस्पिटलात स्कूटर कंपनीचा माणूस आला. काय गोड बोलायचा! माझी उशीसुद्धा नीट केली त्याने. धडक बसली तेव्हा त्या बाई काय करत होत्या, असं त्याने विचारलं. मी दुखण्याने कळवळत होते, तुझ्यावर चिडले होते. म्हटलं, "हसत होती." त्याने लिहून घेतलं, मी सही केली. तेवढ्यावर कंपनी हात झटकून मोकळी. म्हणे ब्रेक ठणठणीत होता, चालवणारीच निष्काळजी, स्कूटर घेताना तिने फोनवर सगळ्या अटी मान्य केल्या होत्या, तेव्हा भरपाई तिच्याकडून घ्या. माझे वकीलही खूश, कंपनीशी झगडण्यापेक्षा तुझ्यावर दावा सोपा. ब्रेक लागलाच नाही, हे तू जीव तोडून सांगत होतीस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याचं फार वाईट वाटतं गं.

परवा सुनेच्या बोटात सुई गेली आणि ती रडली. मला तू आठवलीस. तुझ्या बोटातून सुई आरपार गेली होती तेव्हा तू खो खो हसत होतीस. लिफ्ट अडकली तेव्हा दार उघडेपर्यंत हसलीस. तुझे वडील गेले तेव्हाही तुला हसू फुटलं, आणि नातेवाइकांना दिसू नये म्हणून मी तुझं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. घाबरलीस की तुला हसू येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि मीच नेमकी विसरले.

उद्या सुनावणी आहे. तिथे मी हे सगळं सांगणार, तू "सरक" ओरडत होतीस तेही. वकील डोक्याला हात लावून बसलेत. तुझ्यावरचा दावा ढिला पडेल, कंपनी मलाच खोटं पाडेल, कदाचित कुणाकडूनच काही मिळणार नाही, असं म्हणतात. नाही तर नाही, काठी घेऊन चालेन. पण सुनेला हे पत्र देऊन तुझ्या दाराशी पाठवतेय ते एवढंच सांगायला नाही. उद्या मी बोलायला उठले की तू घाबरशील आणि तुला हसू फुटेल. ओठ चावून दाबू नकोस. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, मला कळेल.

तुझीच,
लंगडी