मुठीखालची खीळ

मामाजी, तुम्ही होते तोवर सून म्हणून मी तुमच्यासमोर तोंड उघडलं नाई. आज मले नाती झाल्या, तरी हे सांगाले बसली तर हात पदराकडे गेला. नात लिहून राह्यली अन् हसून राह्यली. मले अक्षर येत नाई, बोलणं येते. ते तुमाले कधी समजलंच नाई.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा. हिंगणघाटचे कापसाचे शेटजी नाचणगावले आपल्या घरी आले. त्यांच्याजवळ जुनं रिव्हॉल्व्हर, हलक्या धातूचं, लाकडी मूठ तडकलेली. रानडुकरांसाठीच्या बंदुकांचे लाकडी दस्ते तुमच्यासारखे कोणी करत नव्हतं, म्हणून तुमच्याकडे. गोळ्या घरी ठेवून येत, अन् हत्यार परक्या घरी सोडता येत नाई म्हणून काम चाले तोवर ओसरीवर बसून राहत. माझ्या जिवाले चहाच चहा.

नव्या मुठीच्या दोन फाका, दोन बाजूंनी लावायच्या, मधून एक स्क्रू. तुम्ही बसवल्या तर डुगडुगत. कडा घासल्या, तरी डुगडुगत. दुसऱ्या खेपेले नवी जोडी केली, स्क्रू आवळला, तर लाकूडच फाटलं. मी दाराआडून पाहून राह्यली. मुठीच्या आतल्या धातूच्या सांगाड्याच्या खालच्या टोकाले एक बारीक खीळ होती, फाका जागेवर धरणारी. तिच्यासाठी लाकडात पाडलेलं भोक उथळ होतं, बस. जात्याची खीळ उंच झाली की वरची तळी टेकत नाई, कोण्याही बाईले विचारा. कडा घासून काय होते?

पण विचारते कोण. त्याच साली तुम्ही केलेला पाट हलते म्हणून मी यांच्या तोंडून कळवलं होतं. तुम्ही चुलीपर्यंत ऐकू येईल असं म्हणाले, "चुलीजवळ बसून लाकूड समजत नसते. तिले म्हणा, भाकर पाह्य." पाट आजही हलते, मामाजी. त्याच्यावरच बसली आहो.

तिसऱ्या खेपेले शेटजी गमतीनं म्हणाले, "मिस्त्री, हात पह्यलेसारखा नाई राह्यला वाटते." तुमची मान लाल झाली. हातोडी घेऊन तुम्ही ती खीळच आत ठोकाले गेले. लोखंडाचा सांगाडा असता तर सोसलं असतं. हा नरम, सांगाड्यात खीळ बसली होती त्या भोकाची कडच फुटली. शेटजींनी रुमालात सगळं गुंडाळलं, अर्धा चहा ठेवून गेले. तुम्ही कानस पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. पुढं आठ वर्षं जगले, पण कोणाच्या कुऱ्हाडीचा दांडा बी केला नाई. ओसरीवर बसून नुसता रस्ता पाहत. मले इतका राग यायचा. काऊन, तर एवढ्याशा खिळीपायी.

लोक म्हणतात, सून सासऱ्याशी बोलणार कशी. मी बी हेच सांगत आली. पण वरणात मीठ कमी पडल्याचं बी मी यांच्याच तोंडून तुमाले कळवत होती. तिन्ही खेपांच्या मधात हे रोज माझ्यासमोर जेवले, अन् मी खिळीचं नाव काढलं नाई. म्हटलं, आता पाहू द्या चुलीजवळून काय समजते ते. मजा पाहून राह्यली होती, मामाजी.

नात विचारते, कागद कुठं ठेवू. पाटाच्या आखूड पायाखाली घाल म्हटलं. मग म्हटलं, नको. हलू दे.