आक्का सोडून गेली न्हाई

चौसाळा, मंगळवार, दिवेलागण

आज मी दुकानाच्या अ‍ॅपसाठी नियम ठरवत होते. मालक म्हणाले, "ज्यानं तीस दिवस अ‍ॅप उघडलं न्हाई, ते गिऱ्हाईक सोडून गेलं असं धर. यादीतून काढ." नियम लावून पाहिला तर निम्मं गावच सोडून गेलेलं! त्यात माझी थोरली बहीण, आक्का. तिची शेवटची नोंद ऊसतोडीला निघाली त्या सकाळची: निळं शिलाई मशीन पाहिलं. त्याआधीही रोज तेच. मला कधी बोलली नाही. मी तरी काहून विचारलं नाही?

मी मालकांना म्हणाले, "ही माणसं सोडून गेली न्हाईत, ऊस तोडायला गेलीत. पाडव्याला येत्यात."

"मग तसा नियम लिही."

लिहायला बसले. पण 'येणार आहे' हे कॉम्प्युटरला कसं सांगायचं? त्याला फक्त झालेलं कळतं.

आत्ता आक्काचा फोन आला, किती दिवसांनी. उसाच्या फडात रेंज नसते, म्हणून पार डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली होती. आईचं विचारून झालं, शेळीचं झालं. मग हळूच म्हणाली, "दुकानात ते निळं मशीन हाय का गं अजून?"

"हाय, आक्का. तू ये फक्त."