गार असताना तपासलेली गाडी

प्रिय आबा,

काल तुमची गाडी सोमाटण्याच्या चौकात माझ्याखाली बंद पडली, म्हणून लिहितोय. तुम्ही गेल्यापासून दोन महिने अंगणातच उभी होती. म्हटलं, जरा फिरवून आणू. घरून निघताना कशी एका किकमध्ये सुरू झाली! चौकात थांबलो, तर आचके देत गपकन बंद. मागं टेम्पो, त्यामागं बस, सगळ्यांचे हॉर्न. मी आपला किक मारतोय, घाम पुसतोय. "ओ दादा, बाजूला घ्या की ते खटारं!" कुणीतरी ओरडलं.

तुम्हालाही हेच ऐकावं लागलं असेल ना? किती वेळा, आबा?

"गार असताना चालतीया रं. गरम झाली का न्हाई ऱ्हात." किती सरळ सांगितलं होतंत! आणि मी काय करायचो? कामावर निघायच्या घाईत, अंगणात, गार गाडीला किक मारायचो. लगेच सुरू. "चालतेय की! तुम्हालाच रेस धरता येत नाही." गाडी गरम होईस्तोवर, कामशेतपर्यंत एकदा तुमच्या मागं बसून आलो असतो तर? वीस मिनिटांचा तर रस्ता!

वर त्या मंगळवारी अब्बासभाईंच्या तांदळाच्या दुकानात, तुमच्या सगळ्या दोस्तांसमोर बोललो, "गाडी कुठली, आता आबाच बंद पडायला लागलेत." सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यानंतर मंगळवारचा तुमचा तिथला चहा सुटला तो सुटलाच. "गुडघं दुखत्यात," म्हणालात. मी ते खरं धरलं, कारण मला सोयीचं होतं.

काल गाडी ढकलत मेस्त्रीकडं नेली. त्यानं इंजिन उघडून पाहिलं आणि विचारलं, "व्हॉल्व्हचे टॅपेट कुणी आवळलेत एवढे?"

मीच, आबा. माझी गाडी दुरुस्तीला होती, तेव्हा तुमची घेऊन वराळ्याला कंपनीत गेलो होतो. गेटवर तिची टकटक ऐकून पोरं म्हणाली, "शिवणयंत्र आणलंस काय रे?" मला लाज वाटली. रविवारी झाकण खोललं आणि ती टकटक थांबेस्तोवर आवळत गेलो. गरम झाल्यावर धातू फुगतो, व्हॉल्व्हला थोडी मोकळी जागा लागते, नाहीतर तो नीट मिटत नाही आणि इंजिन दम सोडतं. हे मला ठाऊक नव्हतं? कंपनीत गेजनं मोजल्याशिवाय मी एक पार्ट पास करत नाही. आणि बापाच्या गाडीला अंदाजानं पाना!

मेस्त्रीनं टॅपेट सैल करून दिले, टकटक परत आली. परतताना अब्बासभाईंकडं थांबलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुझे आबा शेवटी फोनवर काय म्हणत होते माहितीय? पोरगं इंजिनातलं जाणतं, ते म्हणतंय म्हणजे माझंच चुकत असंल."

अहो, का मानलंत माझं? एक कानाखाली वाजवायची होतीत! आणि मी नालायक काय केलं? चहा प्यालो, मान खाली घालून निघून आलो. खरं काय ते सांगितलंच नाही.

येत्या मंगळवारी पुन्हा जाणार आहे. तुमच्याच गाडीवर, टकटक वाजवत. तुमचे दोस्त जमले की सगळ्यांसमोर सांगेन, "आबांचं काही चुकत नव्हतं. गाडी मी बिघडवली होती. त्या दिवशी हसलात ना? आज मला हसा." शब्द देतो, आबा, हे बोलल्याशिवाय तिथला चहा घेणार नाही.

तुमचा,
सुनील