दुरुस्ती न झालेलं पान

१४ मार्च, गुरुवार

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशीलच. तुझं जरा काही बिनसलं की तुझी आई लगेच मला फोन करते, म्हणून विचारत नाही. तिचे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढत बसू नकोस म्हणावं. माझं ठीक. उजवा हात थोडा थरथरतो, पण मासिकवाल्यांना अजून पत्ता लागलेला नाही. माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या पोरांना तर ती शैली वाटते. मूर्ख लेकाचे!

दंतवैद्याकडची नोकरी अजून तीच ना? बरं झालं. लोकांना वेळा द्यायच्या, नावं पुकारायची. नीटनेटकं काम, तुझ्यासारखीला झेपणारं.

परवा संपादकबाई आल्या होत्या. माझ्या चाळीस वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन मासिक भरवतंय, दोन आठवड्यांनी. दारातच कुठलं चित्र लावणार, सांग? 'खुर्चीत झोपलेली बाई'. पायातली एक चप्पल गळलेली, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर चष्मा. जो तो म्हणतो, या बाईचा श्वास ऐकू येतो. मी आपला मान डोलावतो.

जाता जाता बाई म्हणाल्या, "तुमच्या भाचीला फोन केला होता, वर्गातल्या आठवणींसाठी. तिच्याकडे एक जुनं पान आहे म्हणे. उद्घाटनाला घेऊन येते म्हणाली."

माझा चहा बशीत सांडला. कुठलं पान, हे मला विचारावं लागलं नाही.

हे बघ, माझा शिरस्ता तुला ठाऊक आहे. मुलांच्या पानावर मी थेट माझी पेन्सिल चालवतो आणि खाली सही ठोकतो. तुझ्या चार वह्या माझ्या कपाटात आहेत. त्यांत एक पान माझ्या रेषेवाचून नाही. तू तिथे तमाशा केलास, तर त्या वह्या मी टेबलावर मांडीन. कोण कोणाला शिकवत होतं ते बघतील लोक.

तू सतरा वर्षांची होतीस. त्या आठवड्यात मासिकाला कथेसाठी चित्र हवं होतं आणि मला काही म्हणता काही सुचत नव्हतं. तू झोपलेल्या आईचं चित्र घेऊन आलीस. मी ते काचेच्या टेबलावर ठेवलं, खाली दिवा लावला, वर माझा कागद, आणि तुझ्या रेषेवर माझी रेष. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी तुझं पान परत देताना म्हणालो, "भिंगरे, तुझ्या हातात रेष नाही गं. उगाच वर्षं वाया घालवू नकोस." तू रडलीस. मला वाटलं होतं, भांडशील. भांडली असतीस तर कदाचित मी... जाऊ दे.

अंक आला तोवर तू वर्ग सोडला होतास. तू तो पाहिलास का, कोण जाणे. तुझ्या आईने मात्र पाहिला. स्वतःला ओळखणार नाही का ती? माझ्या दारात अंक उघडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, निदान चप्पल तरी दुसऱ्या पायातली काढायचीस." एवढंच. तुला यातलं ती एका शब्दाने बोलली नाही, हो ना? सख्ख्या भावाची अब्रू होती. तेव्हा माझ्यावर दातओठ खाण्याआधी घरात विचार.

आणि एक काम कर. ते पान आधी माझ्याकडे पाठव. तुझ्या सगळ्या पानांत त्या एकावरच माझी पेन्सिल लागलेली नाही. तेव्हा टोक काढून बसलो होतो गं, बराच वेळ. कुठे लावायची तेच कळेना.

आता लावतो. थरथरत का होईना, एखादी रेष अजून येते. खाली सही करतो आणि परत देतो. मग खुशाल घेऊन ये. पहिल्या रांगेत तुम्हा मायलेकींना दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत.

पान दुमडू नकोस. वाट पाहतोय.

तुझी प्रत्येक रेष दुरुस्त करणारा,
मामा